तेल्याचा जीनोम वाचून झालाय म्हणतात, मग औषध का निघंना?

सांगोल्याचा_भगवा:
राम राम मंडळी. भगवा डाळिंबाची बाग आहे, मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा) धरला होता, फळं लिंबाएवढी झाली आणि झडीचा पाऊस काय लागला, तेल्या (डाळिंबाचा जिवाणूमुळे होणारा डागाचा रोग) आलाच. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारला, कॉपर अन स्ट्रेप्टो (अँटिबायोटिक) मारलं, दुकानदाराने हातात दिलेल्या बाटल्या पण मारल्या (आत काय होतं देव जाणे, बिल मात्र दणदणीत), तरी फळं तडकतायत. पुतण्या अॅग्रीला आहे तो म्हणतो काका या जंतूचा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, कधीच वाचलाय. अख्खी कुंडली हातात आहे तर मग उपाय का नाही? का नुसतं पेपर छापायचं काम?

बायोटेकवाली:
काका, पुतण्या बरोबर बोलतोय. २०१२ लाच चंदीगडच्या इमटेक या सूक्ष्मजीव संशोधन संस्थेने तेल्याच्या जंतूचा, म्हणजे झान्थोमोनासच्या या जातीचा जीनोम छापलाय, साधारण ५० लाख डीएनए अक्षरांचा. आपल्या लिंबावर जो खैऱ्या येतो ना, त्याच्या जंतूचा हा अगदी जवळचा भाऊबंद, आणि त्या खैऱ्याचा जीनोम ब्राझीलवाल्यांनी २००२ मध्येच वाचलेला. आता वाचून कळलं काय, तर हा जंतू पानाच्या छिद्रातनं नाहीतर जखमेतनं आत शिरतो आणि सुईसारख्या यंत्रणेने स्वतःची प्रथिनं झाडाच्या पेशीत टोचतो, त्याने झाडाची प्रतिकारशक्तीच गप्प बसते. दिल्लीच्या पुसा संस्थेत त्यातलं झॉप-एन नावाचं एक प्रथिन बंद करून पाहिलं तर जंतूची डाळिंबात वाढ मंदावली. म्हणजे शत्रूचं हत्यार कळलं, पण ते शेतात उभ्या झाडावर बंद करायचं कसं? त्याची फवारणी नसते हो. खैऱ्याच्या बाबतीत अमेरिकेत ग्रेपफ्रूटच्या ज्या जनुकाला जंतू चालू करतो तेच क्रिस्पर नावाच्या जनुक बदलायच्या तंत्राने बदलून खैऱ्याला दाद न देणारी झाडं प्रयोगशाळेत केलीत. डाळिंबाला तिथवर जायला वेळ आहे, आणि फळझाड म्हटलं की वर्षं लागतातच.

माणदेशी_बागायतदार:
ताईंचं वाचून डोकं गरगरलं पण पटलं. भाऊ, कॉपर वरवर बसतं, पानाच्या आत शिरलेल्या जंतूला ते शिवत पण नाही, म्हणून डाग दिसल्यावर ड्रमावर ड्रम ओतून काय उपयोग. पहिलं बघा तेल्याच आहे का, डागाचं पान उजेडाकडं धरा, पाणी मुरल्यागत तेलकट दिसलं आणि फळावरच्या काळ्या डागात इंग्रजी एल किंवा वाय सारखी चीर असली तर तोच. सरकोस्पोरा या बुरशीच्या डागाला अशी चीर पडत नाही, बरेच जण इथंच फसतात. डागाळलेली फळं तोडून बागेबाहेर नेऊन जाळा, बांधावर टाकू नका राव. छाटताना डागाच्या दोन इंच खालून कापा, कापल्यावर १० टक्के बोर्डो पेस्ट लावा, अन प्रत्येक झाडाला कात्री हायपोक्लोराईटमध्ये बुडवा, गडी कंटाळा करतात तिथं स्वतः उभं राहावं लागतं. आणि पुढच्या खेपेला मृग सोडा, बागेला तीन-चार महिने विश्रांती द्या, हस्त बहार (पावसाळा संपतानाचा) धरा, फळ कोरड्या हवेत वाढतं.

सांगोल्याचा_भगवा:
मृगाला दर बरा मिळतो म्हणून मोह होतो ओ. बरं ताई, जीनोमचा आम्हाला आज काहीच उपयोग नाही असं धरू का?

बायोटेकवाली:
आहे की! जीनोम माहीत असला की फक्त याच जंतूच्या डीएनएचा तुकडा पकडणारी पीसीआर चाचणी करता येते, डाग दिसायच्या आधीच. तुमच्याकडे तेल्या बहुतेक वेळा गुटी कलमातनंच येतो, कलम हिरवंगार दिसतं आणि जंतू आत बसलेला असतो. दुसरं म्हणजे तांब्याला दाद न देणारी जनुकं, अर्जेंटिनात खैऱ्याच्या जंतूत ती प्लास्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर) सापडलीत, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी. म्हणून म्हणते डोळे मिटून कॉपर मारू नका. नवी लागण करणार असाल तर रोपं घ्यायच्या आधी नर्सरीवाल्याला चाचणीचं विचारा, आणि मातृबाग (जिथनं कलमं घेतात ती मूळ झाडं) दाखव म्हणा.

माणदेशी_बागायतदार:
मातृबाग दाखव म्हटलं की निम्मे नर्सरीवाले फोनच उचलत नाहीत, तिथंच काय ते समजून घ्यायचं. सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्रात नमुना घेऊन जा, फोटोवर विचारत बसू नका.