मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलू का?

नमस्कार मंडळी, मी मालवणचा. २०१२ चा लॅपटॉप आहे, प्रोसेसर इंटेलचा आय-५ ३२१०एम, दोन कोर, रॅम ८ जीबी. एसएसडी टाकल्यापासून चालू पटकन होतो, पण गेम लावला की दहा मिनिटांत अडखळतो आणि पंखा असा ओरडतो की आई आतून विचारते, "मिक्सर लावलास काय रे?"

परवा मागचं झाकण उघडलं. खाऱ्या हवेने दोन स्क्रू गंजलेले, जाळीत धुळीची गादी, प्रोसेसरची उष्णता ओढून न्यायला लावलेल्या थर्मल पेस्टचा पार खडू झालेला. प्रोसेसर मात्र सॉकेटमध्ये (काढता-घालता येणाऱ्या खाचेत) आहे, सोल्डर केलेला नाही. म्हणून जुना आय-७ ३६३०क्यूएम घ्यायचा विचार आहे. चार कोर, सॉकेट तेच.

पण तो ४५ वॉटचा, माझा ३५ चा. माझ्या हीटसिंकला (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागाला) तो झेपेल का? बायोस (लॅपटॉप चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) त्याला ओळखेल का, हे आधी कसं कळणार? वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही आणि दोन्ही प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स एचडी ४००० च, मग गेममध्ये फरक पडेल की पैसे दर्यात? इथला दुरुस्तीवाला "नवीनच घ्या" एवढंच म्हणतो.

कुणी स्वतः बदललाय का? आणि ते गंजलेले स्क्रू डोकं न झिजवता कसे काढायचे, तेही सांगा.