आत्महत्या नक्की कोणत्या वयात जास्त, बायका की पुरुष?

नीता_सुदामानगर
मंडळी, आमच्या इंदूरला आत्महत्येचा विषय निघाला की सगळे भंवरकुव्याच्या कोचिंगवाल्या मुलांवरच येतात, परीक्षा, प्रेशर, होस्टेल वगैरे. मुलांची काळजी वाटणारच, पण आजूबाजूला कानावर येतं त्यात चाळिशीचे कमावते पुरुष पण असतात आणि लग्न होऊन आलेल्या सुना पण. कुणाला नीट माहिती आहे का?

रामबागकर
नीताताई, एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या पोलिसांच्या नोंदी गोळा करणाऱ्या सरकारी ब्युरोचा, २०२२ चा रिपोर्ट बघा. देशात १,७०,९२४ आत्महत्या, त्यात साधारण ७२ टक्के पुरुष, आणि १८ ते ४५ या वयातच जवळपास दोन तृतीयांश. परीक्षेत नापास हे कारण नोंदलंय जेमतेम १.२ टक्क्यांत, घरचे प्रॉब्लेम आणि आजारपण मिळून मात्र अर्ध्या. आणि रोजंदारीवर काम करणारे एक चतुर्थांशाहून जास्त आहेत हो! त्यांच्यासाठी कोण मीटिंग घेतं, कोण मोर्चा काढतं? मला तेच फार लागतं.

शलाका
काका, ७२ टक्के वाचून बायकांचं बरं चाललंय असं कुणाला वाटू नये म्हणून लिहिते. १८ च्या खाली मुलींचा आकडा मुलांपेक्षा जास्त आहे. त्याच २०२२ मध्ये २५ हजारांवर गृहिणी गेल्या, म्हणजे बायकांमधल्या निम्म्याहून जास्त. एका अभ्यासात २०१६ चे आकडे आहेत, त्यात जगभरात आत्महत्येने गेलेल्या बायकांपैकी ३६ टक्क्यांवर एकट्या भारतातल्या होत्या. लवकर लग्न, हातात पैसा नाही, मारहाण झाली तरी माहेरी परत जायची सोय नाही, मग ती बोलणार कुणाशी? बऱ्याच देशांत म्हाताऱ्यांचा दर सगळ्यात जास्त असतो, आपल्याकडे तरणीताठी माणसं जातात.

अनघा_समुपदेशक
हे सगळे आकडे पोलिसांकडे नोंदलेले आहेत, खरे जास्तच असणार. २०१० ला नोंद होती सुमारे १.३४ लाखांची आणि घरोघरी चौकशी करून काढलेला अंदाज आला १.८७ लाख. बदनामी नको, पोलिसांचं झंझट नको म्हणून घरचे अपघात सांगतात. प्रयत्न बायकांमध्ये जास्त होतात आणि मृत्यू पुरुषांमध्ये, त्यात पुरुष मदत मागायला फार उशिरा येतात, आले तरी झोप येत नाही, ॲसिडिटी होते एवढंच सांगतात.

नीता_सुदामानगर
अनघाताई, शेवटचं वाचून धस्स झालं. माझ्या दिरांचं दुकान बंद झाल्यापासून ते जेवायला पण खाली येत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. सरळ विचारलं तर उलट त्यांच्या डोक्यात नको ते येईल का?

अनघा_समुपदेशक
नाही येत, ही भीती सगळ्यांनाच असते. सरळ विचारा, भाऊजी जीव द्यावासा वाटतो का म्हणून, आणि ते बोलतील ते मधे न तोडता ऐका, उपदेश नको. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास चालू असतं, फुकट आहे, मराठीत पण बोलतात, आणि घरच्यांनी फोन केला तरी चालतं. तुम्ही आधी स्वतः करा, आजच. त्यांचा जवळचा कुणी मित्र आहे का?

नीता_सुदामानगर
आहे, शेजारच्या दुकानातलेच आहेत. आत्ता फोन लावते त्यांना.