नाताळची गोष्ट अडलीये, काय करू?

राजवाड्याजवळचा: इंदुरात बसून नाताळची कथा लिहून राहिलोय, रात्री सिनेमे बघतो, दिवसा वाचतो आणि माझं पान कोरंच, बर्फ कधी पाहिलाच नाही तर लिहू कसा?

गराडूप्रेमी: अरे, १९४६ चा नाताळचा सिनेमा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' भर उन्हाळ्यात शूट झालाय! त्याआधी बर्फ म्हणून रंगवलेले कॉर्नफ्लेक्स टाकायचे, पायाखाली इतके कुरकुरायचे की संवाद नंतर डब करावे लागायचे, म्हणून ह्यांनी आग विझवायचा फेस न साबण वापरला. सगळा खोटाच बर्फ रे.

जुनी वाचक: डिकन्सनं 'अ ख्रिसमस कॅरल' १८४३ मध्ये साधारण सहा आठवड्यांत संपवलं. तू आधी सिनेमे बंद कर.

राजवाड्याजवळचा: बरं ताई. इथल्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, गरम गराडूवर (तळलेल्या कंदावर) जिरावण मसाला भुरभुरतात ना, तसाच पाडतो बर्फ :)