मदत हवी आहे - खणाचे टेडी आणि प्रदर्शनातला स्टॉल

नमस्कार मंडळी, मी घरी हाताने टेडी बेअर शिवते, हातपाय हलणारे, सांध्यांत फायबरच्या चकत्या आणि कॉटर पिन (दोन टोकं वाकवून बसवायची धातूची पिन) घालून, आणि यंदा पहिल्यांदाच आईच्या जुन्या खणांचे सात टेडी केलेत. दिसतात इतके गोड की विकायला जीव होत नाही! पण खणाच्या कडेचे धागे फार सुटतात आणि कापूस दाबून भरला की मानेजवळची शिवण उसवते. मागून फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावून बघितलं तर कापड कडक होतं आणि नाक नीट वळत नाही, मग पातळ मलमलचं अस्तर लावू का? कोणी केलंय का असं?

दुसरं म्हणजे दिवाळीआधी एका प्रदर्शनात टेबल घेतलंय. एका टेडीला मला दोन दिवस लागतात, मजुरी धरली तर किंमत १२०० च्या खाली येतच नाही आणि मागच्या वेळी लोक हातात घेऊन, कौतुक करून ठेवून गेले, फार वाईट वाटलं. छोटे कीचेन टेडी सोबत ठेवले तर मोठे विकले जातात का?

आणि महत्त्वाचं, २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो, हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तर ते कारागीर ओळखपत्र कोणी काढलंय का, काय काय कागद लागले? लहान बाळांसाठी मी डोळे बटणांचे न लावता दोऱ्यानेच भरते. प्लीज सांगा, कापायला अजून चार खण बाकी आहेत