मदत हवी आहे : सरांसाठी ‘गुणश्री प्राध्यापक’चा प्रस्ताव कसा करायचा?

नमस्कार मंडळी. आमचे सर मागच्या वर्षी निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, संपलं. पण सर अजूनही सोलापुरात सात रस्त्याजवळच्या घरी पोरांचे शोधनिबंध तपासत बसतात, तेही फुकट. म्हणून आम्हा दहा-बारा माजी विद्यार्थ्यांना वाटतंय, विद्यापीठाने त्यांना एमेरिटस प्रोफेसर, म्हणजे आपल्या मराठीत गुणश्री प्राध्यापक, करावं.

इथवर एवढं कळलंय की हा निवृत्तीनंतरचा मान आहे, नोकरी नव्हे. मानद डी.लिट. वेगळी, ती पदवी. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) एमेरिटस फेलोशिप आणखी वेगळी, तिच्यात मुदत आणि मानधन असायचं. आमच्यातल्या एकाने तिघांची मिसळ करून अर्ज लिहिला होता, तो नशिबाने पाठवला नाही!

आता अडलंय ते असं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात असा प्रस्ताव विभागाकडूनच जावा लागतो, की माजी विद्यार्थ्यांचं पत्र चालतं? सरांची नोकरी संलग्न महाविद्यालयात गेली, विद्यापीठाच्या केगावच्या कॅम्पसवर नाही. त्याने फरक पडतो का? आणि सरांची संमती आधी घ्यावी का? त्यांना कळलं तर “कशाला रे हे उद्योग” म्हणून कागदच फाडतील.

कुणी विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेट) किंवा विद्वत परिषदेवर (अकॅडमिक कौन्सिल) काम केलं असेल तर कृपया सांगा. जुन्या प्रस्तावाचा नमुना मिळाला तर फारच बरं.