मदत हवी आहे : आदिवासी विद्यार्थिनीच्या वतीने तक्रार कुठे करावी?

ठाण्यातील एका परिचर्या महाविद्यालयात मी शिकवते. शहापूरजवळच्या कातकरी पाड्यावरून आलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या बोलीवरून आणि ‘कोट्यातून आलीस’ असे म्हणून वर्गात व रुग्णालयातील वॉर्डातही टोमणे मारले जातात. ती शिक्षण सोडण्याचे बोलू लागली आहे, आणि हे मला पाहवत नाही. प्राचार्यांशी दोनदा बोलले, मुलींना समज दिली, तरी फरक पडला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांत सांगितलेला समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी आमच्याकडे नाहीत. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांकडे जाण्यास ती तूर्त तयार नाही. तिचे नाव उघड न करता, शिक्षिका म्हणून मी स्वतःच्या सहीने थेट विद्यापीठाकडे तक्रार करू शकते का, की आधी महाविद्यालयाकडे लेखी अर्ज देणे आवश्यक आहे?