मदत हवी आहे: शेजारशेजारचे व्हीएमए कर्नल जोडत का नाही?

नमस्कार मंडळी,

दोन दिवस डोकं खाजवून झालं, आता इथे विचारतो. प्रश्न लिनक्सचा आहे: प्रोग्रामच्या पत्त्यांचा सारख्या परवानग्यांचा प्रत्येक सलग पट्टा कर्नल (सिस्टिमचा गाभा) एक व्हीएमए म्हणून नोंदतो, आणि माझे शेजारी पट्टे एक होत नाहीत. सीमध्ये एक छोटा अ‍ॅलोकेटर लिहिलाय (मेमरी वाटून देणारा कोड), फक्त डीबगिंगसाठी. फ्री केलेल्या मेमरीला नंतर कोणी हात लावला तर प्रोग्राम तिथल्या तिथे सेगफॉल्ट होऊन पडावा, एवढाच हेतू. म्हणून एकदा दिलेला पत्ता मी पुन्हा देतच नाही, पुढे सरकत राहतो.

सुरुवातीलाच एममॅपने (कर्नलकडे पत्ते मागायचा कॉल) 64 जीबी पत्ते अडवतो: प्रायव्हेट, अनॉनिमस (मागे फाइल नाही), प्रॉट-नन (कसलीच परवानगी नाही). मागणी आली की पुढचे 64 केबी एमप्रोटेक्टने (परवानगी बदलायचा कॉल) रीड-राइट करतो आणि त्यानंतरचं 4 केबीचं एक पान गार्ड (हद्द ओलांडली की पकडणारं) म्हणून प्रॉट-ननच सोडतो. फ्री झालं की एमएडव्हाइजने डोन्टनीड (पानं परत घे) आणि एमप्रोटेक्टने परत प्रॉट-नन.

एका वेळी जिवंत तुकडे 500 च्या वर जात नाहीत. माझी समजूत अशी की परवानग्या पुन्हा सारख्या झाल्या की कर्नल मेलेला तुकडा शेजारच्या गार्डांना जोडून टाकेल. प्रत्यक्षात तासाभराने एमप्रोटेक्ट ईनोमेम (मेमरी नाही) ही एरर देतं. रॅम 20 जीबीच्या वर मोकळी! प्रॉकमधल्या मॅप्स फाइलच्या ओळी (व्हीएमएमागे एक) मोजल्या, तर 65 हजारांच्या वर. म्हणजे मॅक्स-मॅप-काउंटच्या (एका प्रोग्रामला किती व्हीएमए, ती मर्यादा) 65530 ला जाऊन धडकलो. तुकड्यामागे दोन व्हीएमए, म्हणजे जेमतेम 2.1 जीबी पत्ते वापरून गाडी बंद.

मॅप्समध्ये शेकडो ओळी एकाखाली एक प्रॉट-नन दिसतात. एकीचा शेवट तीच दुसरीची सुरुवात, मध्ये फट नाही, परवानग्या सारख्या. मग घोडं अडतंय कुठे? डेबियन 12, कर्नल 6.1.

प्रतिसाद 1
सिसकंट्रोलने मर्यादा 262144 करा आणि झोपा. (65530 हा आकडा विचित्र वाटतो, पण तो 65535 वजा 5 आहे. जुन्या ईएलएफ कोअर डंपमध्ये (पडलेल्या प्रोग्रामच्या मेमरीची फाइल) सेक्शन मोजायला 16 बिट, त्यात थोडी जागा राखलेली.)

धागाकर्ता
केलं होतं. तासाऐवजी चार तासांनी पडलं. व्हीएमए जुळत का नाहीत ते कळायला हवंय.

प्रतिसाद 2
मॅप्सवर जाऊ नका, त्यात अर्धीच माहिती असते. एसमॅप्स (तीच यादी, सविस्तर) उघडा आणि दोन शेजाऱ्यांची व्हीएमफ्लॅग्सची ओळ इथे टाका.

धागाकर्ता
गार्ड: एमआर एमडब्ल्यू एमई
फ्री केलेला तुकडा: एमआर एमडब्ल्यू एमई एसी

हे एसी काय?

प्रतिसाद 2
सापडलं. एसी म्हणजे व्हीएम-अकाउंट. प्रायव्हेट मॅपिंग लिहिण्याजोगं केलं की कर्नल तेवढी मेमरी तुमच्या नावावर मांडतो. पुन्हा प्रॉट-नन केलंत तरी त्यात तुमचा डेटा असू शकतो, म्हणून तो हिशेब सोडत नाही. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नाही, तसं. गार्डवर बोजा कधी चढलाच नाही. फ्लॅग वेगळे, म्हणून जोडणी नाही.

पहिल्या एममॅपला मॅप-नोरिझर्व्ह (हिशेब मांडू नको) द्या. मग एसी लागणारच नाही. ओव्हरकमिट (असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करायची की नाही, ते सेटिंग) 2 वर असेल तर मात्र नोरिझर्व्हला कर्नल विचारत नाही, ते बघून घ्या.

धागाकर्ता
ओव्हरकमिट 0 आहे. नोरिझर्व्ह दिलं, एसी गेलं, दोन्हीकडे आता एनआर (नोरिझर्व्हची खूण). फ्लॅगची ओळ अक्षर न अक्षर सारखी. आणि तरी ओळी तेवढ्याच! एकही जुळली नाही.

प्रतिसाद 3
कारण उरलेली गोष्ट एसमॅप्समध्येही दिसत नाही. व्हीएमएमध्ये पहिलं पान फॉल्ट होतं (म्हणजे पहिल्यांदा वापरलं जातं) तेव्हा त्याला एक अ‍ॅनॉन-व्हीएमए चिकटतो. पानापासून उलट व्हीएमएपर्यंत पोचायला कर्नल तो वापरतो. डोन्टनीडने पानं जातात, अ‍ॅनॉन-व्हीएमए जात नाही. तुमच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा आहे, गार्डला मुळीच नाही.

एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, एवढ्यावरून खरं तर अडायला नको. 2010 मध्ये अ‍ॅनॉन-व्हीएमएची साखळी आली तेव्हा हा प्रकार नीट सांभाळला होता. 2011 मध्ये फोर्कने (प्रोग्रामची प्रत काढताना) आलेले व्हीएमए जोडू नयेत म्हणून एक तपासणी घातली: शेजाऱ्याच्या साखळीत नेमकी एकच कडी हवी. गार्डची साखळी रिकामी. रिकामी म्हणजे एक नव्हे, म्हणून नकार. चुकून झालेलं हे 2025 मध्ये दुरुस्त झालं. तुमच्या 6.1 मध्ये जुनीच तपासणी आहे.

पण नवा कर्नल घालूनही पूर्ण सुटणार नाही. तुकडा गार्डला गिळेल, पुढच्या तुकड्याशी गाठ पडली की दोघांचे अ‍ॅनॉन-व्हीएमए वेगळे, तिथे थांबेल. ओळी निम्म्या होतील, बस.

तेव्हा एमप्रोटेक्टने परत फिरूच नका. फ्री करताना त्याच पत्त्यावर मॅप-फिक्स्ड देऊन नवं प्रॉट-नन मॅपिंग बसवा. जुना व्हीएमए जातो, त्याच्यासोबत बोजाही जातो आणि अ‍ॅनॉन-व्हीएमएही. कोरा आला की दोन्हीकडच्या गार्डांना लगेच जुळतो. पानं आपोआप सुटतात, म्हणजे डोन्टनीडचीही गरज नाही. फक्त पत्ता आणि लांबी काटेकोर ठेवा. मॅप-फिक्स्ड खाली काय आहे ते विचारत नाही, सरळ पुसतं.

जाता जाता: 6.13 पासून एमएडव्हाइजला गार्ड-इन्स्टॉल आहे. त्यात गार्ड पेज टेबलातच (कोणत्या पत्त्याला कोणतं पान, ती नोंद) नोंदतात, वेगळा व्हीएमए लागत नाही. पुढेमागे कर्नल बदललात तर बघा.

धागाकर्ता
आधी फजिती झाली. पहिल्या एममॅपला नोरिझर्व्ह तसंच होतं आणि मॅप-फिक्स्डच्या ओळीत द्यायला विसरलो. एकीकडे एनआर, दुसरीकडे नाही, परत तेच रडगाणं. आता दोन्हीकडून काढून टाकलं, त्याची गरजच उरली नाही.

रात्रभर चालवलं. ओळी 1,040 च्या आसपास खालीवर होतात: 500 जिवंत तुकड्यांचे हजार आणि बाकी लायब्ररी, स्टॅक वगैरे. मर्यादाही परत 65530 वर आणली. आता ईनोमेम येईल ते 64 जीबी पत्ते खरोखर संपल्यावर, म्हणजे साधारण 9 लाख 86 हजार तुकड्यांनंतर. त्यासाठी वेगळा धागा काढेन. सगळ्यांचे आभार, प्रतिसाद 3 वाल्यांना एक चहा लागू.